डाळजच्या सडकेवर दोन मोटारी

सन एकोणीसशे सदतीस. मला सव्वीसावं चाललं होतं. शाळा म्हणाल तर मराठी दुसरी, तीही पुरी नाही. तेव्हा इथं काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात सरळ करून घ्यावं, मी खोडून परत लिहिणार नाही. ही हकिगत तोंडानं सांगून सांगून मी दमलो. अजून कुठं लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा विचारतोच, "आबा, त्या मोटारीच्या शर्यतीत तुमी भ्याला हुता म्हनं?" पूर्वी मी पान सोडून भांडायला उठायचो. आता उठताना गुडघा धरावा लागतो, आणि ज्याचा बापसुद्धा त्या वेळी जन्मला नव्हता त्याच्याशी भांडून करायचं काय? म्हणून एकदाच कागदावर घालतो. पटलं तर पटलं.

त्या साली मी वडगाव निंबाळकरच्या एका बागाईतदाराकडं मोटार चालवत होतो. मी मूळचा कळसचा. बाप लवकर गेला, चुलत्यानं वाढवलं. मोट हाकली, बैलं राखली, शर्यतीच्या गाडीवर बसलो. मग बारामतीला एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर राहिलो, शिव्या खात खात चालवायला शिकलो, आणि तिथून मला मालकांनी उचललं. आमच्या गावातला मोटारीवर बसणारा मी पहिला. बसणारा म्हणजे चालवणारा. नुसतं बसायला काय, गुळाची ढेपसुद्धा बसते. मला खाकी कोट होता, टोपी होती. बारामतीच्या बाजारातून गाडी काढताना मी भोंगा एकदाच वाजवायचो. दोनदा वाजवावा लागला तर तो ड्रायव्हर कसला.

मालक माणूस भला. कालव्याच्या पाण्यावर ऊस, गुळाला चांगला भाव, अंगानं भरभक्कम, पटका बांधला की दारातून वाकून यावं लागायचं. त्यांनी पुण्याहून ती मोटार आणली तेव्हा रंगावर भुलून आणली. हिरवीगार. पण होती दोनच दारांची. आत दोन माणसं बसतील एवढी गादी, वर पक्कं टप, आणि मागच्या अंगाला एक उचलायचं झाकण. ते उचललं की आत उघड्यावर आणखी दोघांची सोय, तिला डिकी म्हणत. पुण्याचे लोक असल्या गाडीला कूपे म्हणायचे. आमच्याकडं तिचं नाव दोनदारी पडलं.

आता बघा. आत माणसं दोन. एक मी, कारण चालवणार मी. राहिली एक जागा. मालक एकटे असले की ठीक. पण बाईसाहेब बरोबर असल्या की बाईमाणसाला उघड्यावर कसं बसवायचं? मग बाईसाहेब आत गादीवर माझ्या शेजारी, डोक्यावर पदर, तोंड खिडकीकडं, आणि एवढे मोठे मालक मागं डिकीत, पटका उपरण्यानं हनुवटीखाली बांधून. सडका तेव्हा मुरमाच्या. इंदापूरला सासरवाडीच्या दारात गाडी थांबली की डिकीतून मालक उतरायचे ते चुन्याच्या भट्टीतून काढल्यासारखे.

सासरवाडीला त्यांचे मेहुणे होते, बाईसाहेबांचे धाकटे भाऊ, इंदापूरच्या कोर्टात वकील. त्यांनीही तशीच दोनदारी घेतली होती, दुसऱ्या कंपनीची, तांबडी. ते ती स्वतः चालवायचे आणि बायकोला शेजारी बसवायचे. एक दिवस आम्ही असेच गेलो तर वकील ओसरीवर उभे. मालकांना उतरताना बघून ते हसायला लागले ते थांबेनात.

"दाजी, गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, आणि गादीवर ड्रायव्हर! तुम्ही मागं धूळ खाताय!"

"मग तुमच्या आक्काला बसवू का धुळीत?" मालक म्हणाले.

"ड्रायव्हरला बसवा."

"आन् हाकायचं कुनी? तुमच्या वडलांनी?"

"तुम्ही हाका. मी नाही हाकत? त्यात काय आहे? आणि खरं सांगू का, हा तुमचा माणूस बैलगाडी हाकल्यासारखी मोटार हाकतो. जागेवरून निघताना तुमची गाडी म्हातारीसारखी कण्हते. माझी बघा, पाय दिला की सुटली."

मी गाडी पुसत होतो. मला ते ऐकू जावं असंच ते बोलले. मी फडकं बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "वकीलसाहेब, सुटायला काय, ससा पन सुटतो. फुडं काय हुतंय ते बगाय लागतं."

मालकांनी मला गप्प करायला पाहिजे होतं. पण त्यांच्या नाकातोंडात धूळ होती आणि वर हसणं झोंबलेलं. ते म्हणाले, "व्हय, मग बगूच की."

तिथल्या तिथं चहा व्हायच्या आत ठरलं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ सडकेवर सोडायच्या. तांबडीवर वकील, हिरवीवर मी. हिरवी पुढं गेली तर वकिलांनी डिकीत बसून बारामतीच्या भर बाजारातून फिरायचं आणि परत माझ्याविषयी शब्द काढायचा नाही. तांबडी पुढं गेली तर मालकांनी मोटार स्वतः चालवायला शिकायची, आणि मला मोटारीवरून उतरवायचं.

बाईसाहेब आतून म्हणाल्या, "ह्यांनी चालवली तर मी माहेराला चालत येईन." तेवढ्यानंच सगळे हसले. मी हसलो नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मालक काय हाकलून देत्यात व्हय? मळ्यात काम देतील. मोट हायच की."

"मोट हाकून आलोय म्या. परत मोटंवर न्हाय जायाचो."

"टोपी गेली म्हनून डोस्कं जातंय का?"

तिला ते कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही. पोटाचा प्रश्न नव्हताच. त्या दोन हात रुंदीच्या गादीचा प्रश्न होता. कळसचा माणूस बारामतीच्या बाजारातून जाताना गुळाचे दलाल बाजूला सरकायचे, ते मालकांना बघून सरकत असतील, मान्य. पण गाडी माझ्या हातात असायची.

मग मी आठ-पंधरा दिवस त्या गाडीच्या मागं लागलो. मालक गुऱ्हाळावर असले की मी ती कालव्याच्या सडकेवर काढायचो आणि उभी करून सोडायचो, परत उभी करून परत सोडायचो. वकील खोटं बोलले नव्हते. हिरवी जागेवरून जड सुटायची. पहिल्या गेरात रडायची, दुसऱ्यात अंग मोकळं करायची, आणि तिसऱ्यात पडली की मग तिला विचारायचं काम नव्हतं. असली बैलं मी राखलेली. एखादा बैल झेंडा पडायच्या आधीच उडी घेतो, आणि एखादा सुटतो मागनं पण अर्ध्या पल्ल्यावर त्याची पाठ लांब होते. तांबडी पहिल्या जातीची. मी ती इंदापूरला बघितली होती. हलकी, पुढचा भाग आखूड, सुटली की टुणकन. पण वेग वाढला की तिचा आवाज बारीक व्हायचा, गळा धरल्यासारखा. म्हणजे मला पल्ला लांब पाहिजे होता आणि गाडी हलकी पाहिजे होती.

हलकी करायला मी मागचं जादा चाक काढलं, हत्यारांची पेटी काढली, डिकीतली गादी काढली. मालक म्हणाले, "म्या बसतो शेजारी. माझ्या डोळ्यांदेखत हूं दे."

मी म्हणालो, "मालक, तुमी बसला तर आपुन हितंच हरलो."

ते अंगाकडं बघून हसले. तसे दिलदार होते.

जागा ठरली डाळजची. बारामती आणि इंदापूर दोघांनाही सोयीची, आणि पुणे-सोलापूर सडक तिथं पट्टीनं आखल्यासारखी सरळ जाते. तेव्हा दिवसाला मोटारी त्या किती जायच्या. पंच म्हणून तिथलेच दोन म्हातारे घेतले, बैलांच्या शर्यतीत निवाडा करणारे. मोटारीचा निवाडा करणारा माणूस आणायचा कुठून? वकिलांनी पल्ला आखूड मागितला, मी लांब मागितला. म्हाताऱ्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बैलांच्या पल्ल्याच्या तिप्पट धरला. एका मोरीपासून सुटायचं, पुढं सडकेच्या कडेला मोठी चिंच होती तिथं संपायचं. मला तो पुरेसा होता. जेमतेम, पण पुरेसा.

आता माझ्या चुलत्याविषयी सांगितलं पाहिजे. तात्या म्हणायचो मी त्यांना. आमच्या भागात बैलांच्या शर्यती ज्यांनी बघितल्यात त्यांना माहीत आहे की बैल सुटायला माणूस लागतो तसा थांबायलाही माणूस लागतो. पल्ल्याच्या शेवटाला चार-पाच जण हात पसरून उभे राहतात. बैल अंगावर आले की बाजूनं पळत पळत वेसण पकडायची आणि जोडी थांबवायची. न थांबवली तर जोडी विहिरीत जाईल नाहीतर माणसांत घुसेल. त्यांना धरणारे म्हणतात. तात्या धरणारे होते. भिगवणपासून इंदापूरपर्यंत कुठंही शर्यत असली की तात्यांना बोलावणं यायचं. त्यांच्याजवळ जमीन नव्हती म्हणण्यासारखी, बोलायला तोंड नव्हतं, पण उधळलेल्या खिल्लारापुढं हात पसरून उभे राहिले की मोठमोठे पाटील श्वास रोखून बघायचे. तेवढंच होतं त्यांचं. यात्रेत त्यांना फेटा मिळायचा. तो ते वर्षभर बांधायचे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तात्या कळसहून चालत आले. बरोबर गावातली तिघं. मी इंजिनाचं झाकण उघडून बघत होतो, डोकं त्यातच. तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून चाकं बघितली.

"ही सुटल्यावर थांबायची कुठं रं?"

"चिंचंपाशी," मी म्हणालो. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"बरं बरं. आमी हाय."

एवढंच बोलणं झालं. मला काय कळायचं त्यात. मला वाटलं, बघायला आलेत.

माणसं बरीच जमली होती. बारामतीकडची, इंदापूरकडची, वकिलांचे अशील, आमच्या मळ्यातले गडी. सगळी गर्दी मोरीपाशी, कारण सुटताना बघायची सगळ्यांना हौस. चिंचेकडं दोघांपैकी एक पंच आणि थोडी माणसं. ऊन वर आलं होतं. मालक मोरीच्या कठड्यावर बसलेले, बाईसाहेब बैलगाडीच्या तट्ट्याआडून बघत होत्या. वकील तांबडीत बसले, कोट काढून बाह्या सारल्या. मला म्हणाले, "ड्रायव्हर, मनात काही ठेवू नकोस हां. गंमत आहे."

मी म्हणालो, "तुमची गंमत हाय साहेब." आणि टोपी नीट केली.

मोरीवरच्या पंच म्हाताऱ्यानं झेंडा म्हणून पांढरं धोतर काठीला बांधलं होतं. ते खाली पडलं.

तांबडी गेली. खरंच सांगतो, वकिलांनी क्लच सोडला तो असा साफ सोडला की मीसुद्धा मनात म्हणालो, वा. माझी हिरवी कण्हत निघाली. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "आरं, ढकला तिला!" पहिला गेर संपेपर्यंत तांबडी दोन गाड्यांनी पुढं. तिच्या धुळीत मी. मी उजवी कड धरून होतो, ती डावी. धुळीनं समोरचं दिसेना, म्हणून मी नुसता आवाज ऐकत होतो, माझा आणि तिचा. दुसरा टाकला. हिरवीनं अंग सोडलं. धूळ थोडी पातळ झाली आणि तांबडीचं मागचं चाक दिसलं. मग तिसरा. तिथनं पुढं तिला धरून ठेवायचं एवढंच काम राहिलं. खाली सडक खडबडत होती, इस्टेरिंग हातात थडथडत होतं, आणि तांबडीचा आवाज बारीक व्हायला लागला. मला पाहिजे होता तोच आवाज. तिचं दार माझ्या बाजूला आलं. मग वकिलांचा हात दिसला. मग तोंड. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही बघितलं. मी पुढं बघितलं, कारण आता धूळ मागं होती आणि सडक स्वच्छ.

आणि चिंचेखाली, सडकेच्या माझ्या अंगाला, बरोबर माझ्या गाडीपुढं, तात्या हात पसरून उभे.

एकटे नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंनी ती तिघं. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, डोळे गाडीवर. बैल धरायला उभे राहतात तसे. वकिलांच्या बाजूला कुणी नव्हतं. त्यांची माणसं इंदापूरची, छत्री घेऊन झाडाखाली उभी. माझीच माणसं मला धरायला आली होती. मी भोंगा दाबला. दाबून धरला. तात्यांना वाटलं गाडीला आनंद झाला असेल, कोण जाणे. ते आणखी पुढं सरकले.

तात्या बाजूला होणार नाहीत हे मला माहीत होतं. खिल्लारापुढनं जो माणूस जन्मात बाजूला झाला नाही तो मोटारीपुढनं होणार? मी पाय उचलला आणि ब्रेकवर उभा राहिलो. हिरवी आडवी झाली, मागचं अंग शेताकडं गेलं, चाकं घासत गेली. तात्या पळाले. मागं नाही, बाजूनं, गाडीबरोबर, वेसण शोधत. त्यांच्या हाताला दिवा लागला तो त्यांनी धरला आणि चार पावलं गाडीबरोबर फरफटत गेले. गाडी चिंचेच्या अलीकडं थांबली. तांबडी चिंचेवरनं कधीच गेली होती.

धुळीत मला तात्यांचा आवाज आला.

"धरली रं! धरली!"

मी खाली उतरलो. तात्यांचं धोतर फाटलेलं, कोपर सोललेलं, आणि तोंडावर असं हसू की मी तसलं त्यांच्या तोंडावर फेटा मिळताना पण बघितलं नव्हतं. बैलाच्या पाठीवर थाप मारतात तशी त्यांनी गाडीच्या नाकाडावर थाप मारली आणि हात झटकला.

"आगागा! हिला ताप आलाय की रं!"

"तात्या," मी म्हणालो, "हिला ब्रेक असतोय. ही आपली आपुन थांबती."

"आपली आपुन?" त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग मगाशी बोलायचं न्हायस? तू म्हनलास चिंचंपाशी थांबायची. म्या म्हनलं, धरल्याबिगर कशी थांबंल."



चिंचेपाशी होता तो पंच काठी टेकत आला. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. तेवढ्यात मालक, वकील, गर्दी सगळी पोहोचली. मोरीवरच्या लोकांना धुळीत काहीच दिसलं नव्हतं, त्यांना एवढंच कळलं की मी चिंचेच्या अलीकडं थांबलो. "भ्याला," कुणीतरी म्हणालं. तिथं हा शब्द जन्माला आला आणि अजून मेला नाही.

पंच मोठ्यानं म्हणाला, "आडवी मानसं आली. परक्याची आसती तर शर्यत परत सोडली आसती. पर ही ह्याचीच मानसं. तवा रिवाज हाय तो हाय. गाडी हाकनाऱ्यानं हितं फुडं यायाचं, ज्यानं आडवलं त्याचं नाव घ्यायाचं, आन् म्हनायचं ह्यो चुकला. मंग परत सोडतो."

"आन् चुकल्याचं काय?" मालकांनी विचारलं. त्यांना रिवाज पुरता माहीत नव्हता. मला होता. तात्यांना तर पाठच होता.

"चुकल्याला काय न्हाय. हितनं फुडं कुठल्या शर्यतीत धराय उभा करायचा न्हाय. येवढंच."

एवढंच. म्हाताऱ्याच्या तोंडी ते किती हलकं वाटलं. तात्या सोललेल्या कोपराला माती लावत होते, त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली बघत उभे राहिले.

वकील जवळ आले. माणूस खोटा नव्हता, हे मी त्या वेळीही म्हणत होतो. ते म्हणाले, "ड्रायव्हर, माझी हरकत नाही. तू माझ्या बरोबरीला आला होतास, मी बघितलं. घे नाव, परत सोडू."

मालक म्हणाले, "घे की येड्या. एक नाव तर घ्यायचं."

मी गाडीकडं बघितलं. तिच्या दाराला धूळ बसलेली, आत गादीवर माझी टोपी पडलेली. परत सुटलो असतो तर मी जिंकलो असतो. आजही हेच म्हणतो. कुणी कितीही हिशेब सांगो, सुटायला तांबडी, पोहोचायला हिरवी. चिंचेच्या अलीकडं तिचं तोंड पुढं निघालं होतं.

मी नाव घ्यायला तोंड उघडलं, हे खरं. मोठेपणा केला असं कुणी म्हणू नये. राग इतका आला होता की तात्यांना तिथंच चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. पण ते खाली बघत उभे होते आणि तोंडातनं भलतंच निघालं.

"शर्यत झाली," मी म्हणालो.

"आरं पर..." मालक म्हणाले.

"झाली म्हनतोय न्हवं, मालक. तांबडी फुडं गेली."

पंचानं खांदे उडवले. वकिलांच्या माणसांनी आरडाओरडा केला. तात्यांनी परत माती लावायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं ती तिघं आणि ते कळसच्या वाटेला लागले. जाताना एवढंच म्हणाले, "पर काय पळती रं गाडी." पुढं किती तरी वर्षं ते शर्यतीत उभे राहिले. आमच्यात ह्या विषयावर परत बोलणं झालं नाही. ते माझ्याकडं यायचे तेव्हा शेंगा आणायचे पोतंभर, एवढं सांगतो. मीही काही दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही.

परत येताना वडगावापर्यंत गाडी मीच आणली. बाईसाहेब आत, मालक मागं डिकीत. बारामतीच्या पुढं कालव्याच्या कडेनं आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि उसाच्या गाड्या समोरून येत होत्या. एका गाडीवानानं भोंग्याला बैल बाजूला घेतले आणि मला रामराम घातला. मी हात वर केला. वडगावाला येऊन गाडी शेडमध्ये लावली.

मालक उतरले, पटका सोडला, झटकला. म्हणाले, "म्या शब्द दिलाय मेव्हन्याला."

"व्हय मालक."

"तू जरा नाव घेतलं आसतंस तर..." त्यांनी पटका काखेत मारला. "मळ्यात मुकादम म्हनून ऱ्हा. मोटंवर न्हाय पाठवायचो मी तुला."

"ऱ्हाईन."

"आन् मला शिकवायचं कुनी? मेव्हना? त्यो जन्मभर बोलून दाखवंल."

मी त्यांच्याकडं बघितलं. तेही माझ्याकडं बघत होते, अडचणीत पडलेले. मी म्हणालो, "सकाळी या."

घरी बायकोनं वाढलं. तिला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. मी अर्धी भाकरी खाल्ली आणि आडवा झालो.

सकाळी उठून मी गाडी धुतली. काढलेलं जादा चाक परत लावलं, हत्यारांची पेटी जागेवर ठेवली, डिकीतली गादी आत टाकली. हँडल मारून इंजिन चालू केलं. मालक आले, पटका न बांधता, डोक्याला नुसता रुमाल. त्यांच्यासाठी मी उजवीकडचं दार उघडून धरलं. ते आत बसताना त्यांचं पोट इस्टेरिंगला लागलं, म्हणून मी वाकून गादी मागं सारली. मग फेरा मारून डावीकडं आलो, जिथं बाईसाहेब बसायच्या तिथं बसलो, दार ओढून घेतलं, आणि त्यांना म्हणालो, "मालक, हाताकडं बगू नका. आधी डावा पाय द्या, तळापतूर."